टेप झिजेपर्यंत

टेप उजेडासमोर धरली की आरपार दिसत होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशी ही गोष्ट. १९७५ साली क्वीन या ब्रिटिश बँडचं एक गाणं तयार होत होतं, आणि ज्या पट्टीवर ते साठत होतं तिच्यावरचा लेपच घासून घासून निघून चालला होता. गाणं अजून पुरं व्हायचं होतं. ते गाणं म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’.

या गाण्याचा विषय निघाला की लोक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या प्रतिभेबद्दल बोलतात, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्या पट्टीबद्दल बोलायचंय.

आमच्या घरी टू-इन-वन होता. आवाज दबका यायला लागला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं हेड पुसायचं, हे काम माझ्याकडे. बोळा तपकिरी व्हायचा आणि किती धूळ निघाली म्हणून मला धन्य वाटायचं. त्यातला बराचसा भाग म्हणजे आमची गाणीच होती, हे फार पुढे कळलं. टेप म्हणजे प्लास्टिकची फीत आणि तिच्यावर चिकटवलेली लोहाच्या ऑक्साइडची बारीक पूड. गंजाची अगदी जवळची नातेवाईक. माइकमधून आलेल्या आवाजाची विजेची लहर होते, ती रेकॉर्डिंग हेड नावाच्या चिमुकल्या विद्युतचुंबकातून जाते, आणि समोरून सरकणारे पुडीतले कण त्या त्या क्षणीच्या जोराप्रमाणे चुंबकित होऊन बसतात. वाजवताना हाच प्रवास उलटा. फीत हेडला घासूनच जाणार, आणि प्रत्येक फेरीत कणभर पूड मागे सोडणार. एरवी हे जाणवतही नाही. एकच फीत आठवडेच्या आठवडे पुढे-मागे पळवली तर जाणवतं.

क्वीननं ती तशी का पळवली, हे कळायला आधी गाणं कसं आहे ते बघू. ५ मिनिटं ५५ सेकंदांच्या या गाण्याला धृपद नाही. सुरुवातीला नुसत्या आवाजांचा तुकडा, मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटार, मग अचानक ऑपेरा, त्यातून उसळणारा कडक रॉक, आणि शेवटी पुन्हा शांतता. निर्माता रॉय थॉमस बेकर सांगायचा, की फ्रेडीनं घरी पियानोवर पहिला भाग वाजवून दाखवला आणि मध्येच थांबून जाहीर केलं, इथे ऑपेरा येणार. दुसरा कुणी असता तर हसण्यावारी नेलं असतं. पण बेकरनं उमेदवारीच्या काळात ऑपेरा मंडळींची रेकॉर्डिंगं केली होती. त्याला हे येडेपण ओळखीचं होतं.

या फ्रेडीचं मूळ नाव फारुख बलसारा. आडनाव वलसाडवरून आलेलं, घराणं पारशी, जन्म १९४६ सालचा, झांझिबारचा. आठ-नऊ वर्षांच्या या मुलाला आईबापांनी बोटीनं शिकायला पाठवलं ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. पियानोचे धडे तिथेच पक्के झाले आणि द हेक्टिक्स हा शाळकरी बँडही तिथलाच. आपण स्ट्रॉबेरी आणि टेबललँडच्या नादात त्या गावातून गाडी पुढे काढतो.

ऑगस्ट १९७५मध्ये वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत काम सुरू झालं. हा स्टुडिओ मुळात दुभत्या गाईंचा गोठा असलेली शेतवाडी. पियानो, बास आणि ड्रम यांचा पाया आधी घातला, आणि ऑपेराच्या जागी फीत नुसती कोरी सोडली. ही कोरी जागा भरायला, पुढे लंडनच्या स्टुडिओंतले दिवस धरून, सुमारे ३ आठवडे लागले. गाणारे तिघंच: मधल्या पट्टीत फ्रेडी, खालच्या पट्टीत गिटारवादक ब्रायन मे, आणि वरच्या टोकाला ड्रमर रॉजर टेलर. या गाण्यातला टेलरचा सर्वांत उंच स्वर जवळपास ९३२ हर्ट्झचा आहे, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला ९३२ वेळा मिटतात-उघडतात. रोज दहा-बारा तास हे तिघं माइकसमोर उभे राहून तेच ते गात होते.

तिघांच्या गळ्यातून शंभर माणसांचा जमाव कसा उभा राहतो? गणपतीची आरती आठवा. पंचवीस माणसं गातात, एकाचाही सूर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, कुणी अर्धा क्षण पुढे, कुणी मागे. तरी लांबून ऐकणाऱ्याला एकच भरघोस आवाज येतो. एक जण ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४२वर गात असेल, तर दोन्ही लहरी मिळून सेकंदाला दोनदा फुगतात आणि ओसरतात. भौतिकशास्त्रात यांना विस्पंद म्हणतात. अशा पुष्कळ जोड्यांचे विस्पंद एकमेकांत मिसळले की कानाला ती थरथर वेगळी ऐकू येत नाही, तिचा जाडपणा होतो. मेंदू त्यावरून ‘पुष्कळ माणसं’ असा अंदाज बांधतो. मात्र एकच रेकॉर्डिंग तीनदा कॉपी करून एकावर एक ठेवलं तर आवाज फक्त मोठा होतो, जमाव होत नाही. दर वेळी नव्यानंच गायला हवं, कारण किंचित चुकणं हेच तर भांडवल आहे.

आता हिशेब करा. दोन इंच रुंदीच्या फितीवर शेजारी शेजारी २४ ट्रॅक बसतात. त्यातले बरेचसे पियानो, ड्रम, बास यांनीच अडवलेले. तिघं मिळून एक स्वर गाणार, तोच पुन्हा दोनदा, मग त्याच्या वरचा स्वर, मग खालचा. जागा बघता बघता संपते. यावर उपाय एकच: भरलेले ट्रॅक एकत्र करून त्यांची बेरीज दुसऱ्या एक-दोन ट्रॅकवर उतरवायची आणि जुने मोकळे करायचे. या धंद्यात याला बाउन्सिंग म्हणतात. एकदा बेरीज केली की त्यातला एक आवाज मागाहून कमी-जास्त करता येत नाही. पोह्यांत पडलेलं मीठ जसं. शिवाय कॉपीची कॉपी काढताना टेपची आपली ‘स्स्स’ अशी खरखर दर पिढीला वाढत जाते. बँडच्या सांगण्याप्रमाणे या गाण्यासाठी सुमारे १८० ओव्हरडब, म्हणजे आधीच्या आवाजावर नव्यानं चढवलेले थर, झाले आणि काही आवाज आठव्या पिढीपर्यंत पोचले. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. ऑपेराच्या तुकड्यात ‘गॅलिलिओ’ हे नाव पुन्हा पुन्हा गायलं जातं, आणि फ्रेडीला दर थोड्या वेळानं आणखी एक ‘गॅलिलिओ’ सुचत होता. दर वेळी बेकरनं ब्लेडनं फीत कापायची, नवा तुकडा जोडायचा. जोडांच्या पट्ट्या एवढ्या झाल्या, की फिरणारी फीत त्याला झेब्रा क्रॉसिंगसारखी दिसायला लागली होती.

गॅलिलिओच का, यावर चाहत्यांचे तर्क पुष्कळ आहेत. मे इंपीरियल कॉलेजात खगोलभौतिकीवर संशोधन करत होता, बँडसाठी ते अर्धवट सोडलं आणि सूर्यमालेतल्या धुळीवरची पीएचडी अखेर २००७ साली मिळवली. मला मात्र हे नाव ऐकलं की गॅलिलिओचा बाप आठवतो. विन्चेन्झो गॅलिली ल्यूट हे तंतुवाद्य वाजवायचा, आणि तारेचा सूर एक सप्तक वर न्यायचा तर ताण दुप्पट नाही, चौपट करावा लागतो, हे त्यानं तारांना वजनं टांगून दाखवलं होतं.

मेच्या गिटारची तारही अशाच घरगुती प्रयोगातून तणावलेली आहे. ती गिटार त्यानं १९६३पासून वडिलांबरोबर घरी बनवली: मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, कंप देणाऱ्या दांड्याला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, पडद्यांवरच्या खुणा आईच्या शिंपल्याच्या बटणांच्या. वाजवायचा सहा पेन्सच्या नाण्यानं. बासवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, टेलर जीवशास्त्राचा. हातात सोल्डरिंग गन धरता येणारी ही माणसं होती. टेप संपत आली म्हणून बावचळून न जाता तिच्याशी घासाघीस करत राहणं त्यांना जमलं, ते उगाच नाही.

फ्रेडीच्या गळ्याचंही पुढे विज्ञान झालं. २०१६ साली ख्रिस्तियान हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच्या रेकॉर्डिंगांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. बोलताना हा माणूस बॅरिटोन, म्हणजे मध्यम-खर्जातला. गाताना मात्र वरच्या पट्टीत. त्याचा स्वरकंप सेकंदाला सुमारे ७ वेळा, नेहमीच्या ऑपेरा गायकापेक्षा जलद आणि जास्त अनियमित. खरखरीत जागांवर स्वरतंतूंबरोबर त्यांच्या वरच्या मांसल घड्याही थरथरत असाव्यात, असं एका गायकाकडून त्याची नक्कल करवून घेऊन, घशात कॅमेरा घालून पाहिल्यावर दिसलं. सायबेरियातल्या तुवा प्रदेशातले कंठगायक असंच काहीसं करतात.

गाणं झालं. विकायचं कसं? रेकॉर्ड कंपनीचं म्हणणं, सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार. तीन मिनिटांचा हा दंडक कलेनं घातलेला नाही, चकतीनं घातलाय. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. पुढच्या सात इंची सिंगलमध्ये, म्हणजे एकेका गाण्याच्या तबकडीत, जास्त मावतं, पण त्याची किंमत मोजावी लागते: वेळ वाढवायचा तर खाचा एकमेकींना खेटून कोराव्या लागतात, आणि जवळच्या खाचांत मोठ्या आवाजाला, विशेषतः बासला, हेलकावायला जागा राहत नाही. म्हणून आवाज दबवावा लागतो. तरी बीटल्सचं ७ मिनिटांहून मोठं गाणं १९६८ सालीच पहिल्या क्रमांकावर गेलेलं होतं. त्यामुळे हा आक्षेप तांत्रिक कमी आणि सवयीचा जास्त.

सवय मोडली केनी एव्हरेटनं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरच्या या निवेदकाला बँडनं गाण्याची प्रत दिली ती ‘वाजवायचं नाही हं’ असं बजावून, अर्थातच डोळा मारून. बोट चुकून घसरल्याचं सांगत त्यानं दोन दिवसांत गाणं १४ वेळा लावलं. सोमवारी लोक दुकानांत मागायला गेले, तेव्हा रेकॉर्ड बाजारात आलीच नव्हती. ती ३१ ऑक्टोबर १९७५ला आली.

इथे मानसशास्त्राचे दोन प्रयोग सांगायला हवेत. रॉबर्ट झायन्स यानं १९६८ साली दाखवलं, की निरर्थक शब्दही वारंवार नजरेखालून गेले की आवडायला लागतात. अति झालं की वीटही येतो, पण सहा वेगवेगळे तुकडे असलेल्या गाण्याचा वीट यायला वेळ लागतो. चौदाव्यांदासुद्धा पुढचं वळण नेमकं लक्षात राहिलेलं नसतं. दुसरा प्रयोग २००६चा, मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा. १४ हजारांहून जास्त लोकांना इंटरनेटवर अनोळखी बँडांची ४८ गाणी ऐकवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ अलग ‘जगां’त वाटलं होतं, आणि आपल्या जगातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तेही त्यांना दिसत होतं. फार चांगली गाणी सहसा आपटली नाहीत, फार वाईट सहसा चढली नाहीत. मधल्यांचं काही खरं नव्हतं. इतरांची निवड न दिसणाऱ्या गटात २६वं ठरलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्यात ४०वं. पहिल्या काही श्रोत्यांनी कुठे बोट ठेवलं, त्यावर पुढची रांग ठरत गेली. एव्हरेटचं घसरलेलं बोट हे तसलंच बोट.

व्हिडिओची गोष्टही सोयीतून निघालेली. बँड दौऱ्यावर असणार, टीव्हीवर प्रत्यक्ष जाणं अवघड, म्हणून ब्रूस गावर्स या दिग्दर्शकानं एल्स्ट्रीमध्ये चारेक तासांत चित्रीकरण उरकलं. त्यात एक चेहरा मागे मागे अनंत होत जातो, त्यामागे महागडी करामत काही नाही. कॅमेरा त्याचंच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे वळवला, बस. मंडपात माइक स्पीकरसमोर नेला की जी शिट्टी कान फाडते, तिचंच हे दृश्य रूप.

ब्रिटनमध्ये गाणं सलग ९ आठवडे पहिलं राहिलं. त्याला खाली खेचलं ते अॅबा बँडच्या ‘मम्मा मिया’नं, आणि हे दोन शब्द ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’च्या ऑपेरातही आहेत. असले योगायोग कुणी कथेत लिहिले तर संपादक कापून टाकेल. २४ नोव्हेंबर १९९१ला एड्सशी संबंधित न्यूमोनियानं फ्रेडी गेला आणि गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर आलं. अमेरिकेत ते १९७६मध्ये नवव्या क्रमांकापर्यंतच गेलं होतं. १९९२मध्ये एका विनोदी चित्रपटात चार-पाच पोरं गाडीत बसून त्यावर माना हलवताना दिसली, आणि ते दुसऱ्यावर पोचलं. गाणं तेच, फीत तीच, एक स्वरही बदललेला नाही.

२०२३मध्ये लंडनला फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्यात या गाण्याचे हस्तलिखित कच्चे खर्डेही होते, बंद पडलेल्या एका विमान कंपनीच्या कागदांवर लिहिलेले. १३ लाख पौंडांवर गेले. त्यातल्या एका पानावर आधी लिहिलेलं नाव खोडलेलं दिसतं: ‘मंगोलियन ऱ्हॅप्सोडी’.