हरकत आणि सूचना: बागेच्या भूखंडासाठी काय लिहायचं?

मागे शहराच्या विकास आराखड्यावरच्या एका सुनावणीत नवी मुंबईतल्या आमच्या नेरूळच्या एका काकांना साहेबांनी विचारलं, "तुमची हरकत काय?" काका म्हणाले, "हरकत काहीच नाही हो, बाग हवीय." समोरच्या कागदावर शेरा पडला: हरकत नाही. काकांना जे हवं होतं, ते त्या दोन शब्दांत गडप झालं.

"हरकती व सूचना" हे शब्द जाहीर नोटिशीत कायम जोडीनं येतात, त्यामुळे ते मीठमिरचीसारखे एकत्रच वाटतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्येही दोघांना दार एकच आहे. कलम 26 खाली प्रारूप विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी हे दाखवणारा कच्चा नकाशा, प्रसिद्ध होतो, मुदतीत लेखी अर्ज द्यायचे, कलम 28 खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. पण कामं वेगळी. नकाशात जे दाखवलंय ते चुकलंय, काढा किंवा बदला, ही हरकत. नकाशात जे नाही ते घाला, किंवा आहे ते तसंच ठेवा, ही सूचना.

यातलं "आहे ते तसंच ठेवा" लोक विसरतात, आणि खरी गोम तिथेच आहे. आराखड्यात एका भूखंडावर उद्यानाचं आरक्षण आलं, म्हणजे तो बागेसाठी राखून ठेवला, की आजूबाजूच्या सोसायट्या खूश होऊन गप्प बसतात. ज्याला आरक्षण नकोय, तो मात्र वकिलाकडून हरकत लिहून घेतो. समितीपुढे त्या भूखंडाची फाईल उघडते तेव्हा आत फक्त विरोधाचे कागद असतात. नवी मुंबईत हे जास्तच जाणवतं, कारण महापालिका आराखडा करते, पण पुष्कळशा जमिनीची मालकी सिडकोकडे, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाकडे. आरक्षण एकाचं, भूखंड दुसऱ्याचा. 1992 मध्ये स्थापन झालेल्या महापालिकेचा पहिला प्रारूप आराखडा ऑगस्ट 2022 मध्ये आला. इतक्या वर्षांनी येणाऱ्या आराखड्यात आपल्या सेक्टरची बाग हिरवी दिसली, तर "आरक्षण कायम ठेवावे" एवढं एक वाक्य लिहून देणं फुकट जात नाही.

सूचना मोघम नसावी. "सेक्टरमध्ये हिरवळ हवी" याला उत्तर देणं कुणालाच भाग पडत नाही. सेक्टर, भूखंड क्रमांक, नकाशातला आरक्षण क्रमांक, आणि मागणी एका ओळीत. कारणं त्याच जागेवरची द्या: शेजारी धारण तलाव (भरती-पावसाचं पाणी साठवणारा) आहे, शाळेला मैदान नाही, संध्याकाळी मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. झोपाळे, बाकडी, स्वच्छतागृह मात्र इथे नको. तो विषय उद्यान विभागाचा. आराखडा जमीन कशासाठी, एवढंच ठरवतो.

मंजूर आराखड्यात एखाद्याच भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल, तर कलम 37 खाली फेरबदलाची नोटीस निघते. राजपत्रात आणि वर्तमानपत्रात, बहुधा टेंडरच्या जाहिरातींच्या गर्दीत. मुदत एक महिन्याची, अंतिम निर्णय राज्य सरकारचा. इथे सूचनेच्या नादी लागू नका, सरळ हरकत घ्या. "बाग इथे नको तर पलीकडे द्या" असं सुचवलंत, की इथली बाग जायला तुमची संमती आहे असा अर्थ काढायला जागा राहते. पर्याय सुचवायचाच असेल तर वेगळ्या कागदावर.

दोनशे जणांच्या सह्यांचं एक निवेदन, की प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज? माझं मत, स्वतंत्र अर्ज. निवेदन दिलं की सुनावणीला बहुधा एकच प्रतिनिधी बोलतो. स्वतंत्र अर्ज केलेल्यांपैकी बोलायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला सुनावणी मागता येते. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक मात्र न विसरता घ्या. काका आता ती पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लाइट बिलांच्या फाईलला लावून ठेवतात. अर्जाच्या विषयाच्या ओळीत लाल पेनानं लिहिलेलं असतं: सूचना, हरकत नव्हे.