सात वर्षं परदेशात राहिलं की नागरिकत्व जातं?

कोथरूडच्या कट्ट्यांवर हे वर्षानुवर्षं ऐकू येतं: ‘मुलगा सात वर्षं अमेरिकेत आहे, म्हणजे त्याचं भारतीय नागरिकत्व गेलंच.’

नाही गेलं. १९५५च्या नागरिकत्व कायद्यात, कलम १०मध्ये, सात वर्षांची अट आहे खरी. पण ती देशीयकरणाने (म्हणजे परदेशी माणसाने इथे राहून, अर्ज करून) किंवा नोंदणीने नागरिक झालेल्या ठरावीक लोकांपुरती. तिथेही सरकारचा आदेश लागतोच. जन्माने भारतीय असलेल्याला ती लागू नाही. ग्रीन कार्डानेही काही बिघडत नाही.

नागरिकत्व जातं ते कलम ९ने. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की लगेच, आपोआप. जुना पासपोर्ट कपाटात कितीही जपून ठेवा! आणि परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही.