मोटारीतील उत्सर्जन संवेदक : ग्रामीण विदर्भातील वापर व निगा

उत्सर्जन संवेदक : इंजिनात शिरणारी हवा आणि सायलेन्सरवाटे बाहेर पडणारे वायू यांची मोजणी करून ती गाडीच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, सतत कळवत राहणारी छोटी उपकरणे. बोलण्यात त्यांना नुसते ‘सेन्सर’ म्हणतात. या नोंदीतही पुढे तोच शब्द ठेवला आहे. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत हा शब्द रुळला तो तक्रारीतून. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडी चढावर उचलेनाशी झाली, की ‘सेन्सर गेला’ हे निदान गॅरेज गाठण्याआधीच पारावर होऊन जाते. ते पुष्कळदा चुकते. सेन्सर बिघडतात हे खरे; पण बऱ्याच वेळा ते शाबूत असतात आणि कुठे चोंदलेली जाळी आहे, कुठे पाइप फुटला आहे किंवा टाकीत काय भलतेच ओतले आहे, याची वर्दी देत असतात.

हे सारे एकाएकी आले त्याचे कारण भारत स्टेज ६, अर्थात बीएस ६ मानके. देशाने बीएस ५ ची पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून ती सर्वत्र लागू केली. त्या तारखेनंतर बीएस ४ गाड्या विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच ठरवून दिले होते. डिझेलमधील गंधक दर दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले गेले. डिझेलवरील प्रवासी गाड्यांच्या मुख्य वर्गासाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर, आणि काजळीची २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आली. १ एप्रिल २०२३ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात उत्सर्जनाची चाचणी प्रयोगशाळेबाहेर, चालत्या रस्त्यावरही घेणे सुरू झाले. एवढी काटेकोर मर्यादा पाळायची तर इंजिनाला स्वतःचा धूर स्वतःच मोजत राहावे लागते. पान्हा आणि ग्रीसवर चालणारी जुनी जीप तालुक्याच्या मिस्त्रीने कानाने ऐकून दुरुस्त केली. नव्या गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय तोही हात घालत नाही.

सर्वांत जुना सेन्सर ऑक्सिजनचा, ज्याला लॅम्डा सेन्सर असेही म्हणतात. बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये व्होल्वो मोटारींसाठी बाजारात आणला. त्याचे टोक झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या पदार्थाचे असते. तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू शकतात, आणि आतला धूर व बाहेरची हवा यांतील ऑक्सिजनच्या फरकाने किंचित वीज निर्माण होते. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्ट. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते; २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट पुरते. हा फरक ईसीयू याच सेन्सरच्या वाचनावरून सांभाळून घेतो. पेट्रोल गाडीत एक सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी घातक करणाऱ्या भांड्याच्या, आधी आणि एक नंतर असतो. नंतरचा कन्व्हर्टरवर पहारा ठेवतो. बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरांना वायरच्या आवरणातूनच मिळते, म्हणून कनेक्टर ‘टिकाऊ’ व्हावा या हेतूने त्यात ग्रीस भरणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे. सायलेन्सरच्या जोडाला किंवा इंजिनाच्या पॅकिंगला साधे सिलिकॉन फासले तरी त्याची वाफ टोकावर बसते आणि सेन्सर कायमचा मंदावतो.

डिझेल एसयूव्हीत याखेरीज हवेच्या प्रवाहाचा मॅफ सेन्सर, सायलेन्सरमधील तापमानाचे तीन-चार सेन्सर, काजळीच्या गाळणीचा दाब-फरक सेन्सर आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर असतो. यांतला नॉक्स सेन्सर सर्वांत महागडा आणि सर्वांत नाजूक. तोही झिर्कोनियाचाच, पण दोन कप्प्यांचा: पहिल्यात ऑक्सिजन काढून टाकला जातो, दुसऱ्यात नायट्रोजन ऑक्साइड फोडून त्यातला ऑक्सिजन मोजला जातो. पाइपमधली ओल वाळल्याशिवाय ईसीयू त्याला तापवत नाही, कारण तापलेल्या चिनीमातीवर पाण्याचा थेंब पडला तर ती तडकते.

फुफाटा आणि रुई. मॅफ सेन्सरमध्ये केसासारखी बारीक तापलेली पट्टी असते. हवा तिला किती थंड करते यावरून हवेचे प्रमाण कळते. त्या पट्टीवर धुळीचा थर बसला की हवा कमी मोजली जाते आणि गाडी ओढ देत नाही. काळ्या मातीचा फुफाटा उन्हाळ्यात पांदण रस्त्यांवर घोट्याइतका साचतो. हिंगणघाट, वणी, अकोट अशा गावांत जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू असतात, पूर्वेकडे गोंदिया-भंडाऱ्यात धानगिरण्यांचा तूस, आणि कोळसा वाहणाऱ्या रस्त्यांवर काळी भुकटी. कंपनीच्या पुस्तिकेत एअर फिल्टर बदलण्याचा जो किलोमीटरचा आकडा असतो, तो धुळीच्या वापरासाठी वेगळा, कमी दिलेला असतो. इकडे तोच धरावा. फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने झटकून पुन्हा बसवण्याची सवय सर्वत्र आहे. जोराच्या हवेने कागदाला बारीक छिद्रे पडतात आणि माती थेट सेन्सरवर जाते. तेल लावलेले ‘रेसिंग’ फिल्टर त्याहून वाईट, कारण ते तेल उडून पट्टीवर चिकटते. मॅफ धुवायचा तर त्याच्यासाठी मिळणाऱ्या खास स्प्रेनेच, आणि पट्टीला बोट, कापूस, ब्रश काहीही न लावता. कार्ब्युरेटर क्लीनर त्यावर मारू नये.

काजळीची गाळणी. डीपीएफ नावाच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाळणीत काजळी अडते. तिच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन बारीक नळ्यांनी एका सेन्सरपर्यंत जातो. फरक वाढला म्हणजे गाळणी भरत आली. मग ईसीयू जादा डिझेल सोडून गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या क्रियेला रीजनरेशन म्हणतात, आणि तिला एका वेगाने पंधरा-वीस मिनिटे चालणारी गाडी लागते. खेड्यातली गाडी तशी चालत नाही. घरून वावरात, वावरातून कृषी केंद्रात, तिथून बँकेत. प्रत्येक फेरी चार-पाच किलोमीटरची, आणि इंजिन धड तापण्याआधी बंद. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रीजनरेशनमध्ये न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसू लागले की मालकाला बरे वाटते, गाडी ऑइल खात नाही म्हणून. तसे दिसल्यास ऑइल त्वरित बदलावे. पातळ झालेले ऑइल टर्बोचा घास घेते. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचे, पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. ट्रॅक्टरच्या डब्यातले उरलेले ऑइल तिला चालत नाही.

उपाय साधा आहे: आठवड्यातून एकदा गाडीला मोठ्या रस्त्यावर न्यावे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग विदर्भात नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. जवळच्या प्रवेशमार्गापासून पुढच्या निर्गममार्गापर्यंतची फेरी गाळणी साफ करायला पुष्कळदा पुरते. समृद्धी लांब असेल तर कोणताही चांगला राज्यरस्ता चालतो, फक्त तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन थोडे फिरते ठेवावे. डीपीएफचा दिवा लागलेला असताना, किंवा इंजिन बंद केल्यावरही पंखा गरगरत असताना आणि जळका वास येत असताना, गाडी कुटाराच्या ढिगावर, पऱ्हाटी-तुराट्यांच्या गंजीजवळ किंवा वाळल्या गवतात उभी करू नये. खालचा पाइप त्या वेळी आग लावण्याइतका तापलेला असतो. सोयाबीनच्या खळ्यावर ही चूक सहज होते.

दाब-फरक सेन्सरबाबत एक गोष्ट. त्याच्या रबरी नळ्या उष्णतेने तडकतात, निसटतात किंवा त्यांत पाणी साचते. तेव्हा गाळणी रिकामी असूनही भरल्याचा, किंवा भरलेली असूनही रिकामी असल्याचा निरोप जातो. सेन्सर मागवण्याआधी नळ्या पाहाव्यात. त्यांची किंमत सेन्सरच्या तुलनेत नगण्य असते.

युरियाची टाकी. अनेक डिझेल एसयूव्हींत निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते. तीत डीईएफ नावाचे द्रावण भरतात: ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी. गरम सायलेन्सरमध्ये त्याचा अमोनिया होतो आणि तो तिथल्या उत्प्रेरकाच्या मदतीने नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन व पाणी करतो. पंपावर आणि गॅरेजमध्ये त्याला सरळ ‘युरिया’च म्हणतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. घरी खताची पिशवी पडलेली असते, ४५ किलोची, अनुदानामुळे अगदी स्वस्त. ती विहिरीच्या पाण्यात विरघळवली तर काय बिघडेल, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. बिघडते ते असे: देशात २०१५ पासून सगळा शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाने लेपलेला असतो, आणि तो लेप लावण्यामागे हा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही हेतू होता. खतात बाययुरेट ही युरियातली अशुद्धी १.५ टक्क्यांपर्यंत चालते, डीईएफमध्ये ०.३ टक्क्यांच्या वर नाही. पाण्यातले कॅल्शियम, सोडियम उत्प्रेरकाला कायमचे निकामी करतात. पूर्णेच्या काठच्या अकोला-अमरावती-बुलढाण्यातील खारपाणपट्ट्यात तर हे पाणी पिकालाही सोसत नाही. टाकीतला गुणवत्ता सेन्सर ध्वनिलहरींनी द्रावणाची तीव्रता मोजतो. ती जुळवून त्याला चकवता येईलही, पण लेप आणि क्षार त्याला दिसत नाहीत, ते पुढे इंजेक्टरमध्ये खडे होऊन बसतात. शिवाय अनुदानित युरिया शेतीखेरीज वापरणे खत नियंत्रण आदेशानुसार गुन्हा आहे.

विकतचे द्रावणही इकडच्या उन्हात टिकत नाही. २५ अंशांत ते १८ महिने चांगले राहते, ३५ अंशांत सहाच महिने. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखाली त्याहून वर. म्हणून मोठी बादली स्वस्त पडते म्हणून घेऊन ठेवू नये. लागेल तेवढे, ताजी तारीख पाहून घ्यावे. ओतताना डिझेलचे नरसाळे वापरू नये, डिझेलचे चार थेंबही टाकीला घातक असतात. झाकणाभोवती जमलेले पांढरे खडे कोमट पाण्याने धुवावेत. टाकी पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेले इंजिन बऱ्याच मॉडेलांत पुन्हा सुरू होत नाही. आडरानात ही शिक्षा मोठी आहे.

पाणी आणि उंदीर. पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालण्याचे धाडस तसेही करू नये. सेन्सरांच्या बाबतीत धोका हा की तापलेला पाइप एकदम थंड पाण्यात बुडतो आणि आतली चिनीमाती तडकते. बिघाड तिथल्या तिथे दिसत नाही, आठ-पंधरा दिवसांनी दिवा लागतो, आणि दोष भलत्यालाच मिळतो. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या पोत्यांजवळ उभ्या गाडीत उंदीर रात्री उबेला येतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात. बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा गाडी उजेडात उभी करावी आणि आठवड्याला एकदा वायरींवर नजर टाकावी.

स्कॅनर. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे ओबीडी पोर्ट, म्हणजे ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचण्याची जागा, असते. त्याला लागणारे ब्लूटूथचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते आणि मोबाइलवर कोड वाचता येतो. कोड तक्रारीचे नाव सांगतो, भागाचे नाही. पी २४६३ म्हणजे काजळी साचली; पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या वाटेतून, पुरेसा धूर परत येत नाही, बहुधा काजळीने वाट बुजली म्हणून; पी २०ईई म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड पुरेसे घटत नाहीत. हा शेवटचा कोड दिसला की नॉक्स सेन्सर बदलायचा प्रघात पडला आहे, दोष टाकीतल्या शिळ्या डीईएफचा असला तरी. बॅटरीची केबल काढून दिवा घालवण्याची युक्ती फक्त कोड पुसते. ईसीयू आपल्या चाचण्या पुन्हा पुऱ्या करतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर दिवा परत येतो.

डीपीएफ पोकळ करून देणारे, ईजीआर बंद करणारे, ईसीयूमधून सेन्सरच उडवणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. गाडीत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. पकडले जाण्याची भीती मात्र थोडी, कारण पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. मेलेला नॉक्स सेन्सर आणि पेटलेला पिवळा दिवा घेऊन आलेली गाडीही वर्षभराचे प्रमाणपत्र घेऊन जाऊ शकते. पेट्रोल गाडीची तपासणी थोडी कडक असते: तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनबरोबर लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण, हेही पाहतात, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सर बिघडलेला असल्यास पितळ उघडे पडू शकते.