पिशवीची तपासणी: एकाच फाइलमधली दीडशे वर्षे

निपाणी, चिकोडी, खानापूरकडची जोडपी मूल राहत नाही म्हणून निघतात ती बेळगावला, नाहीतर सीमा ओलांडून कोल्हापूर-मिरजेला. मिरजेची वाट जुनी. वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे १८९४ मध्ये रुग्णालय काढले. बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला १९६३ साल उजाडले. तीन गावचे दवाखाने झाले की बाईच्या फाइलमध्ये क्युरेटिंग (पिशवी, म्हणजे गर्भाशय, आतून खरवडणे), नळ्यांचा (गर्भनलिकांचा) एक्स-रे, सोनोग्राफी, गर्भाशयात घालून पाहायची दुर्बीण असे सगळे जमा होते. (नवऱ्याची वीर्यतपासणी या सगळ्याच्या आधी व्हायला हवी. ती मात्र अनेकदा राहून जाते.) या तपासण्या कोणी एकत्र बसून आखलेल्या नाहीत. ज्या काळात जे साधन हाती आले, ते वापरात राहिले.

दुर्बीण आज सगळ्यात नवी वाटते, पण मूळ तिचेच जुने. १८६९ मध्ये पँटालिओनी या डॉक्टरांनी पाळी गेल्यानंतर रक्त जाणाऱ्या एका साठ वर्षांच्या बाईच्या गर्भाशयात नळीतून पाहिले, पॉलिप (आतून वाढलेला मऊ कोंब) दिसला आणि तो औषधाने जाळला. पुढे मात्र गाडे अडले. उजेड अपुरा, रक्ताने काही दिसेना आणि पिशवी फुगवून धरायची नीट सोय नाही. रोजच्या वापरात दुर्बीण यायला शंभरेक वर्षे गेली.

मधल्या काळात एक्स-रेने बाजी मारली. १९१० मध्ये रिंडफ्लाइश यांनी एक्स-रेत उमटणारे बिस्मथ सोडून गर्भाशयाचा फोटो काढला, १९१४ मध्ये अमेरिकेत केरी आणि रुबिन यांनी चांदीचे द्रावण वापरले. ते पोटात जाऊन दाह करी. म्हणून रुबिन यांनी १९२० मध्ये वायू सोडायची रीत मांडली: नळ्या उघड्या असतील तर वायू पोटात जातो आणि बाई उठून बसल्यावर खांदा दुखतो! त्यानंतर आले खसखशीच्या तेलात आयोडिन मिसळलेले औषध. पुढे पाण्यात विरघळणाऱ्या औषधांनी ते मागे टाकले. पण २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या १,११९ स्त्रियांच्या अभ्यासात तेलाचे औषध वापरलेल्यांपैकी ३९.७ टक्के जणींना सहा महिन्यांत दिवस राहून गर्भ टिकला, पाण्याच्या औषधाने २९.१ टक्के. तपासणीच थोडी उपचार ठरली म्हणायची. मात्र नळ्यांचा आजार असण्याची शक्यता जास्त असलेल्या स्त्रिया त्या अभ्यासात घेतलेल्या नव्हत्या, त्यामुळे तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही.

कारण आपल्याकडे टीबी आहे. छातीतला जंतू रक्तावाटे आधी नळ्यांत पोहोचतो, मग गर्भाशयाच्या अस्तरात. बाईला खोकला नाही, ताप नाही, फक्त दिवस जात नाहीत. म्हणून पाळीच्या आधी अस्तराचा तुकडा काढून तपासायची पद्धत इथे रुजली. पाश्चात्त्य देशांत तुकडा घ्यायचे कारण वेगळे होते: नॉयस, हर्टिग आणि रॉक यांनी १९५० मध्ये अस्तराचे 'वय' (ते पाळीच्या चक्रातल्या कितव्या दिवसाचे दिसते ते) ठरवायची रीत दिली आणि अर्धे शतक ती चालली. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की मूल झालेल्या आणि न झालेल्या स्त्रियांत तिने फरक ओळखता येत नाही. टीबीसाठी तुकडा घेणे आजही योग्य आहे, पण तुकड्यात जंतू सापडला नाही म्हणून आजार नाही असे होत नाही. आणि रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली.

गडबड झाली ती 'पिशवी साफ केली की दिवस राहतात' या समजुतीने. सौंदत्तीचा नवस बोलून झाला की पुढची पायरी क्युरेटिंग, असे किती घरांत झाले असेल. अशर्मन यांनी १९४८ मध्येच लिहिले होते की जास्त खरवडल्याने पिशवीच्या भिंती आतून चिकटतात. मुख्यतः बाळंतपण किंवा गर्भपातानंतरच्या खरवडण्याने हे होते. टीबीनेही होते.

सोनोग्राफीचा पाया ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये घातला. योनिमार्गातून करायची सोनोग्राफी १९८० च्या दशकात आली, आणि पिशवीत थोडे सलाइन सोडून पाहिले की पॉलिप, गाठ, पडदा बऱ्यापैकी दिसतो. ना भूल, ना किरणे. म्हणून सुरुवात इथून व्हावी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनीही सांगितले की सोनोग्राफी नॉर्मल असताना टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराआधी सरसकट दुर्बीण घातल्याने मूल होण्याचे प्रमाण वाढत नाही. सोनोग्राफीत काही खोट दिसली, किंवा पूर्वी क्युरेटिंग झाले आणि त्यानंतर अंगावरून कमी जाऊ लागले, अशा बाईला मात्र दुर्बीण हवीच. चिकटलेले त्याच वेळी सोडवताही येते.