जमीन कोरडी, तरी पाणी कमी

कोपरखैरण्यात आमच्या इमारतीखाली शेजारच्या काकांची पिकअप उभी असते. तुर्भे एमआयडीसीतून माल भरायचा आणि चाकणला टाकायचा, आठवड्याला तीन खेपा. गेल्या महिन्यात ती खोपोलीच्या पुढे घाटात तापू लागली. रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाऊण लिटर पाणी ओतावं लागे, पण गाडीखाली ओलाव्याचा ठिपकाही नसे. गॅरेजवाल्याने रेडिएटर बदलायला सांगितलं. कुणी हळद टाकायला सुचवलं. घरच्यांनी पुढच्या जाळीला नवी लिंबू-मिरची बांधली.

गळती शोधायची तर रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरावा आणि सकाळी डाग पाहावेत. पुढे हिरवट किंवा गुलाबी डाग असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी. इंजिनखाली काळा असेल तर इंजिन ऑइल. डिझेल गाडीत काजळीमुळे ते लवकर काळं पडतं. मागच्या अ‍ॅक्सलखाली घट्ट आणि गंधकाच्या वासाचं असेल तर गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी जागची हलवू नये. केबिनखालचं स्वच्छ पाणी मात्र एसीचं, आपल्या दमट हवेतलं बाष्प थंड होऊन ठिबकलेलं. त्याची काळजी नको.

काकांचा पुठ्ठा कोरडा निघाला. अशा वेळी पहिला संशय हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधल्या पातळ पत्र्याचा. तो फाटला की पाणी बाहेर न येता इंजिनच्या आत जातं. पण डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ होतं, दुधाळ फेस नव्हता, सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. मग बॉनेटखाली नीट पाहिलं. रेडिएटरमधलं जादा पाणी जिथे जातं त्या शेजारच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडाशी वाळलेले हिरवे ओघळ होते. पाणी उभ्या गाडीतून गळतच नव्हतं, ते घाटात उकळून रस्त्यावर सांडत होतं.

दोष होता रेडिएटरच्या टोपणात. त्याच्या आत दोन झडपा असतात. मोठी झडप स्प्रिंगने दाबलेली असते आणि आत ठरावीक दाब तयार होईपर्यंत उघडत नाही. टोपणावर ०.९ असा आकडा असेल तर तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बारने जास्त (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). प्रेशर कुकरचंच तत्त्व हे: दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. उघड्या पातेल्यात १०० अंशांना उकळणारं पाणी इथे सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाची रबरी चकती चिरली की दाब टिकत नाही आणि हे १८ अंश हातचे जातात. त्यात रोज साधं पाणी ओतल्याने कूलंट पातळ झालेलं, म्हणजे त्यातल्या ग्लायकॉल या रसायनामुळे मिळणारे वरचे काही अंशही गेले.

पण पाणी उकळलं तर बिघडतं काय? रोजच्या तव्यावर उत्तर आहे. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब लगेच आटत नाहीत, नाचत राहतात. थेंब आणि तवा यांच्यामध्ये वाफेचा थर येतो, आणि वाफ पाण्यापेक्षा सुमारे २५ पटींनी कमी उष्णता वाहते. इंजिनच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) आसपास असा थर बसला, तर पाणी जवळ असूनही धातूची उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. धातू वाकतो, आणि मग हेड गॅस्केट खरंच जातं.

दुसरी, छोटी झडप उलट्या दिशेने चालते. गाडी थंड होताना आतलं पाणी आकसतं, पोकळी होते आणि बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. हीच झडप अडकली तर सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो.

तापलेल्या गाडीचं टोपण कधीही उघडू नये. ११८ अंशांचं एक लिटर पाणी एकदम मोकळ्या हवेत आलं, तर १८ अंशांची जादा उष्णता, म्हणजे साधारण ७६ किलोज्यूल, बाष्पीभवनात खर्च होते. त्यातून ३४ ग्रॅम पाण्याची वाफ होते. ऐकायला थोडं वाटतं, पण ती वाफ सुमारे ५५ लिटर जागा व्यापते, आणि सोबत उकळतं पाणी तोंडावर फेकते.

हळद किंवा गळतीबंद पावडर भोक बुजवते खरी, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. लिंबू-मिरचीचा पाण्याच्या उत्कलनबिंदूशी काही संबंध नाही. त्या भरवशावर घाट चढणं धोक्याचं आहे.

काकांनी त्याच आकड्याचं नवं टोपण घेतलं, जुनं पाणी काढून कूलंट योग्य प्रमाणात भरलं. रेडिएटर जुनाच आहे. आता घाट चढून आल्यावर बाटलीतली पातळी दोन बोटं वर दिसते आणि सकाळी पुन्हा खालच्या रेषेवर असते.