कोल्हापूर–कोकण घाटमार्ग

कोल्हापूर परिसरातून सह्याद्री ओलांडून रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत उतरणारे रस्ते. आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा आणि आंबोली हे त्यांतले नेहमीच्या वापरातले घाट. कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किमी. म्हणजे फार नाही. पण प्रवासाचा वेळ ठरतो तो घाटातल्या उतरणीवर, आणि पावसाळ्यात तर वाट मुळात चालू आहे की नाही यावर.

या रस्त्यांची आखणी समजून घ्यायची तर बंदरांपासून वर यावे. अणुस्कुरा राजापूरसाठी, बावड्याची (गगनबावड्याची) वाट खारेपाटणसाठी, फोंडा देवगड-मालवणसाठी, आंबोली वेंगुर्ल्यासाठी. राजापूर व खारेपाटण ही खाडीच्या आत वसलेली जुनी बंदरे. गलबतांतून आलेला माल तिथून बैलांच्या पाठीवर घाटमाथा चढे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. गूळ, मिरची, कापड खाली जाई. अणुस्कुर्‍याच्या जुन्या पायवाटेवरची फरसबंदी आजही जागोजागी दिसते. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्याला मदत म्हणून राजापूरच्या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन पन्हाळ्याखाली आले, ते हाच डोंगर चढून. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली. कोल्हापूर संस्थानातल्या दोन मोठ्या जहागिरी, विशाळगडचे पंत प्रतिनिधी आणि बावड्याचे पंत अमात्य, नेमक्या घाटांच्या तोंडावर होत्या, हा योगायोग नव्हे.

आज सर्वाधिक राबता आंबा घाटाचा. राष्ट्रीय महामार्ग १६६ मलकापूर, आंबा, साखरपा या वाटेने पालीला मुंबई-गोवा महामार्गास मिळतो व हातखंब्यावरून पुढे रत्नागिरीत पोहोचतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, आणि अवजड वाहनांना काही काळ मनाई करावी लागली.

गगनबावड्याचा मार्ग त्याहून देखणा आणि जास्त लहरी. कोल्हापूरपासून ५५ किमीवरचे हे गाव जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. गावाबाहेर रस्त्याला दोन फाटे फुटतात: करूळ घाट वैभववाडी-तळेऱ्याकडे, भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला. दोन्ही घाटांत धुके असे दाटते की भरदुपारी दिवे लावून गाडी हाकावी लागते. जुन्या चालकांचा दंडक सोपा आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, नुसत्या ब्रेकवर विसंबायचे नाही. जानेवारी २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी करूळ घाट बंद केला, तेव्हा वाहतूक भुईबावडा व फोंड्याकडे वळवण्यात आली. एका घाटाचे दार मिटले की शेजारच्यावर भार पडतो, हे इथले नेहमीचेच.

फोंडा घाटाची वाट राधानगरी व दाजीपूरवरून जाते, म्हणजे अभयारण्याच्या अंगाने. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेले हे जंगल आता ३५१ चौ. किमीचे राधानगरी अभयारण्य असून २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश आहे. रात्री रस्त्यावर गवा उभा दिसला तर हॉर्न वाजवू नये. दिवे मंद करून थांबावे, तो आपल्या सवडीने जातो. वाटेतले राधानगरी धरण हे राजर्षी शाहू महाराजांचे काम.

आंबोली घाटाने जाणारे गडहिंग्लज, आजऱ्यावरून सावंतवाडीला उतरतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची जी रांग लागते, ती पाहता घाई असलेल्याने ते दोन दिवस हा घाट टाळलेलाच बरा.

घाट सुरू असूनही कोल्हापूरकर घरातच अडकून पडतो, तो पंचगंगेमुळे. राजाराम बंधाऱ्यावर पाणीपातळीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट. पाणी त्या पातळीपर्यंत चढले की रत्नागिरी मार्ग केर्लीजवळ आणि गगनबावडा मार्ग बालिंगा परिसरात पाण्याखाली जाण्याची भीती असते. २०१९ व २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता.

सार्वजनिक प्रवासाची मदार एस.टी.वर आहे. कोकणच्या गाड्या मध्यवर्ती बस स्थानकातून, म्हणजे सीबीएसवरून, सुटतात. गगनबावड्याच्या बाजूला जाणाऱ्याने रंकाळा स्टँड गाठावे. आडगावांना वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाड्या. रेल्वेचा मात्र इथे उपयोग नाही. मिरजेहून १८९१ मध्ये आलेला लोहमार्ग कोल्हापुरातच संपतो, आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे घाटाखालून निघून जाते. या दोहोंना जोडणाऱ्या कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला मंजुरी मिळालेली आहे. तो होईपर्यंत मडगाव किंवा मंगळूरची गाडी धरायची असेल, तर बसने घाट उतरून वैभववाडी, कणकवली किंवा रत्नागिरी स्थानक गाठावे लागते, आणि पावसाळ्यात हाताशी दोन-तीन तास जादा ठेवावे लागतात.