'फ्रॉम'मधला पत्ता खरा कशावरून?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याने परदेशी गिऱ्हाइकाला पाठवलेलं कोटेशन स्पॅममध्ये पडून राहतं. त्याच कारखान्याच्या नावाने 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा खोटा मेल मात्र त्या गिऱ्हाइकाच्या इनबॉक्समध्ये सुखरूप पोचतो. दोन्ही दुखण्यांचं मूळ बरंचसं एकच. मेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालतो, ते १९८२ साली लिहिले गेले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यांत नव्हती. 'फ्रॉम'च्या रकान्यात कोणीही कोणाचाही पत्ता घालू शकतो.

ही उणीव पुढे तीन नोंदींनी भरून काढली गेली. तिन्ही नोंदी तुमच्या डोमेनच्या (मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या जाहीर नोंदवहीत, 'टीएक्सटी' (साधा मजकूर) प्रकारात घालायच्या असतात.

पहिली एसपीएफ. आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची ती यादी. यादीत ऑफिसचा मेल सर्व्हर असतो, पण बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर आणि वेबसाइटचा चौकशी फॉर्म हमखास राहून जातात. जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी घातली, तर दोन्ही बाद होतात. यादी तपासताना डीएनएसमध्ये दहापेक्षा जास्त शोध घ्यावे लागले, तरी ती बाद. शिवाय मेल फॉरवर्ड झाला की मधला सर्व्हर यादीत नसतो आणि एसपीएफ नापास होतं.

फॉरवर्ड होऊनही सहसा टिकते ती डीकेआयएमची डिजिटल सही. सर्व्हर गुप्त किल्लीने मजकुरावर सही करतो आणि घेणारा डीएनएसमधल्या जाहीर किल्लीने ती पडताळतो. इथे एक बारीक गोष्ट नडते: २०४८ बिटची किल्ली २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. एकाच नोंदीत, अवतरणचिन्हांतले दोन तुकडे करून ती भरावी लागते. नोंदी भरायच्या कंट्रोल पॅनेलने किल्लीचं शेपूट कापलं, तर प्रत्येक सही खोटी ठरते. सही झाल्यावर एखाद्या यंत्रणेने तळाशी 'व्हायरस तपासला आहे' अशी ओळ चिकटवली, तरीही सही मोडते.

तिसरी डीएमएआरसी, आणि खरी मेख इथे आहे. एसपीएफ 'फ्रॉम' नव्हे, तर मेल पोचला नाही तर तो जिथे परत जातो तो पत्ता तपासतं, आणि हा परतीचा पत्ता वाचणाऱ्याला दिसतच नाही. भामटा तिथे स्वतःचं डोमेन घालून पास होतो आणि 'फ्रॉम'मध्ये तुमचं नाव मिरवतो. डीएमएआरसीची अट अशी की एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी जे पास झालं, त्याचं डोमेन दिसणाऱ्या 'फ्रॉम'शी जुळलंच पाहिजे. नापास मेलचं काय करायचं, हे धोरणही याच नोंदीत असतं. ते आधी 'नन' (काही करू नका) ठेवा, काही आठवडे घेणाऱ्या सर्व्हरांकडून येणारे अहवाल वाचा, सुटलेले सर्व्हर जोडा. मग 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाका), शेवटी 'रिजेक्ट' (घेऊच नका). पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावलं तर स्वतःचीच बिलं परत येतील. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल पत्त्यांवर दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत.

आता घेणाऱ्याची बाजू. ग्रेलिस्टिंगमध्ये अनोळखी सर्व्हरला '४५१, थोड्या वेळाने या' असं सांगून परत पाठवतात. रीतसर सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, घाऊक स्पॅम टाकणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट येत नाहीत. तोटा एवढाच की ओटीपीचा मेल उशिरा पोचतो.

मजकुराची चाळणी त्यानंतर. बेझ पद्धतीचा फिल्टर प्रत्येक शब्द स्पॅममध्ये किती आणि चांगल्या मेलमध्ये किती आला, यावरून शक्यता काढतो. 'इनव्हॉइस' किंवा 'पेमेंट' दोन्हीकडे सापडतात, म्हणून त्यांचं वजन थोडं. 'जीएसएम' (कापडाचं वजन), 'जकार्ड', 'टेरी' (विणीचे प्रकार) हे शब्द टॉवेलवाल्याच्या खऱ्या पत्रव्यवहारात रोजचे, घाऊक स्पॅममध्ये क्वचितच. म्हणून स्वतःच्या मेलवर शिकवलेला फिल्टर चांगला चालतो. पण शिकवावं लागतं: नको असलेला मेल नुसता डिलीट करू नका, 'स्पॅम' म्हणून कळवा, आणि चुकून अडकलेला 'स्पॅम नाही' म्हणून सोडवा.

एका अक्षराच्या फरकाचं डोमेन विकत घेऊन त्यावर तिन्ही नोंदी चोख भरणारा भामटा मात्र यातूनही सुटतो, कारण त्याचा मेल तांत्रिकदृष्ट्या खराच असतो. खातं बदलल्याचा मेल आला की गिऱ्हाइकाने जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारावं, हे त्याला पहिल्या ऑर्डरलाच सांगून ठेवा.